सही करण्यापूर्वी

मराठी घरांत गर्भाशयाला सहसा ‘पिशवी’ म्हणतात. हा शब्द सोयीचा आहे. वडीलधाऱ्यांसमोरही तो संकोचावाचून उच्चारता येतो. परंतु या सोयीतच एक धोका दडलेला आहे. व्यापाऱ्याच्या घरात पिशवी म्हणजे रोजची, हलकी, काम झाले की बाजूला टाकायची वस्तू. त्यामुळे ‘पिशवी काढून टाकू’ हे वाक्य किडका दात उपटावा तितक्या सहजपणे बोलले जाते. ‘मुले झाली, आता तिचा उपयोग काय?’ हा पुढचा प्रश्न तयारच असतो आणि त्याचे उत्तर कोणी मागत नाही.

चौथ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) १५ ते ४९ या वयोगटातील दर शंभर स्त्रियांमागे सुमारे तिघींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांचे शस्त्रक्रियेच्या वेळचे मध्यक वय ३४ वर्षे होते. म्हणजे त्यांपैकी निम्म्या जणींची शस्त्रक्रिया पस्तिशीच्या आतच उरकली होती. सुमारे दोन-तृतीयांश शस्त्रक्रिया खाजगी रुग्णालयांत झाल्या होत्या आणि निम्म्याहून अधिक जणींनी कारण सांगितले होते ते पाळीतील अति रक्तस्रावाचे. हे कारण खरे आहे, त्रासदायक आहे. परंतु त्यावर गर्भाशय काढणे हा एकमेव उपाय नाही, आणि बहुतेक वेळा पहिला उपाय तर नाहीच.

नगर जिल्ह्यातील बाजारपेठेच्या एका गावी भुसार मालाची आडत असलेले एक एकत्र कुटुंब आहे. त्या घरातील थोरल्या वहिनींचे वय तेव्हा ४४ वर्षांचे. दोन वर्षांपासून त्यांना पाळीत आठ-नऊ दिवस रक्तस्राव होत असे, गाठी पडत, रात्री दोनदा-तीनदा उठावे लागे. त्यांनी कोणालाच सांगितले नाही. चाळिशीनंतर असे व्हायचेच, ही समजूत माहेराहून सोबत आलेली होती. त्या चातुर्मासात त्यांनी अठाईचे पच्चक्खाण घ्यायचे ठरवून एकेक उपवास वाढवत नेला आणि सहाव्या दिवशी स्थानकाच्या पायरीवर त्यांना घेरी आली. महासतीजींनीच पारणे करून डॉक्टरांकडे जाण्यास सांगितले. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन ७.२ निघाले, प्रौढ स्त्रीचे ते किमान १२ असावयास हवे. घरातल्यांनी तपस्येला दोष दिला. वस्तुतः तो दोष तपस्येचा नव्हता. गोदामातून दोन वर्षे माल गळत होता आणि साठा कोणी मोजलाच नव्हता. उपवासाने फक्त ती तूट उघडी केली.

तालुक्याच्या गावी सोनोग्राफी झाली. गर्भाशयात पाच सेंटिमीटरची गाठ होती. तेथील सर्जननी सांगितले, की पिशवी आणि दोन्ही बाजूंचे बीजांडकोष एकदमच काढून टाकू, म्हणजे पुढे कर्करोगाची भीती नको. त्या रात्री घरात बैठक झाली. दिवाळीचा हंगाम संपल्यावर आणि लग्नसराई सुरू होण्यापूर्वीची तारीख काढण्यात आली. दिरांनी गाडीची जबाबदारी घेतली, पतींनी विम्याचे कागद शोधले. ‘एकदाची सुटका होईल तुझी,’ असे सासूबाई म्हणाल्या. त्या ‘सुटके’त आजाराखेरीज आणखीही काही होते. महिन्याचे चार दिवस सामायिक नाही, स्थानक नाही, स्वयंपाकघरात जाणे नाही. अडचण ऐन पर्युषणात आली तर मनाला लागणारी खंत निराळीच. अनेक घरांत शस्त्रक्रियेच्या पारड्यात हे वजन गुपचूप पडलेले असते. डॉक्टरांच्या कागदावर ते कधी लिहिले जात नाही. ज्या अवयवाविषयी ही बैठक चालली होती, तो जिच्या देहात होता ती स्त्री त्या वेळी सर्वांसाठी चहा ठेवीत होती.

गोष्ट थांबली ती मुलीमुळे. सी.ए.ची आर्टिकलशिप करणाऱ्या या मुलीला कागद तळापर्यंत वाचण्याची सवय लागली होती. रुग्णालयातून आणलेला संमतीचा नमुना तिने वाचला आणि वडिलांना एवढेच विचारले, “पप्पा, यात ओव्हरीजसुद्धा काढायचं लिहिलंय. मम्मीला हे माहीत आहे?” वडील व्यवहारात चोख. पोत्यातले मूठभर दाणे तळहातावर घेऊन पाहिल्यावाचून त्यांनी कधी भाव बोललेला नव्हता आणि बँकेतील कर्जाच्या कागदांवर वाचल्याखेरीज सही केलेली नव्हती. मुलीच्या प्रश्नावर ते काही वेळ गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी पुण्यातील एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंची वेळ घेण्यात आली.

या डॉक्टरबाईंनी प्रथम कागदावर चित्र काढले. गर्भाशय हे साधारण पेरूच्या आकाराचे, स्नायूंचे इंद्रिय आहे. त्याचा खालचा अरुंद भाग म्हणजे गर्भाशयमुख. वरच्या दोन्ही अंगांना बीजवाहक नलिका आणि त्यांच्या टोकांपाशी बदामाएवढे दोन बीजांडकोष. बीजांडकोष म्हणजे गर्भाशय नव्हे, हे त्यांनी दोनदा सांगितले. पाळी गर्भाशयातून येते. परंतु हाडे, हृदय, त्वचा, झोप आणि मनाचा तोल यांना आधार देणारे संप्रेरक मुख्यतः बीजांडकोषांतून येते. गर्भाशय काढले आणि बीजांडकोष राखले तर पाळी थांबते, पण हे संप्रेरक पुढे चालू राहते. दोन्ही बीजांडकोष काढले तर मात्र निसर्गाने काही वर्षांत सावकाश आणलेली रजोनिवृत्ती एका दिवसात येऊन उभी राहते. विशेषतः पंचेचाळिशीच्या आत असे घडल्यास हाडे ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. ज्यांच्या घराण्यात स्तनाचा किंवा बीजांडकोषाचा कर्करोग आनुवंशिक आहे, त्यांच्या बाबतीत हे अवयव काढणे योग्य ठरू शकते. परंतु तो निर्णय तपासणीने व्हावा, केवळ धास्तीने नव्हे. गर्भाशयातील साधी गाठ कर्करोगाची असणे तर अत्यंत क्वचित घडते.

हे ऐकताना सोबत आलेल्या सासूबाई अस्वस्थ झाल्या. त्यांची शस्त्रक्रिया ३८व्या वर्षी झाली होती आणि दोन्ही बीजांडकोषही तेव्हाच काढले होते. त्यानंतर अंगातून वाफा निघाव्यात तसे होई, झोप उडाली, लहानसहान गोष्टींवर डोळे भरून येत. घरात सर्वांनी म्हटले, की बाईंचा स्वभाव बदलला. एकसष्टाव्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. ते नेमके त्याच कारणाने मोडले असे कोणी ठामपणे सांगू शकणार नाही. परंतु जो बदल स्वभावाच्या नावे मांडला गेला होता तो देहाच्या खात्यातला होता, हे त्यांना तेवीस वर्षांहून अधिक काळाने प्रथमच कळले. परतीच्या वाटेवर त्या सुनेला एवढेच म्हणाल्या, “मला कोणी विचारलं नव्हतं गं. तुला विचारताहेत, तर नीट विचारून घे.”

शस्त्रक्रियेआधी करावयाच्या गोष्टी कमी नाहीत. चाळिशीनंतर अनियमित किंवा अति रक्तस्राव असेल तर गर्भाशयाच्या अस्तराचा छोटा नमुना तपासावा लागतो, गर्भाशयमुखाची पॅप चाचणी करावी लागते, थायरॉइड पाहावे लागते. ट्रानेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या पाळीच्या दिवसांत रक्तस्राव कमी करतात. संप्रेरकांच्या गोळ्या आहेत. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत विकसित झालेले ऑर्मेलॉक्सिफेन हे भारतीय औषधही अति रक्तस्रावावर वापरले जाते. गर्भाशयात बसवायची संप्रेरकयुक्त कॉपर-टीसारखी साधने काही वर्षे काम देतात आणि अनेक जणींची शस्त्रक्रिया टाळतात. गर्भाशय राखून केवळ गाठ काढता येते. गाठीला रक्त पुरवणारी धमनी आतून बंद करता येते. मुले झालेली असतील तर अस्तर जाळून टाकण्याचीही पद्धत आहे. कोणता उपाय कोणाला लागू पडेल हे गाठीचे स्थान, आकार, वय आणि अपेक्षा यांवरून ठरते.

तरीही काही प्रसंगी गर्भाशय काढणे हाच योग्य आणि जीव वाचवणारा मार्ग असतो. गर्भाशयाचा कर्करोग, औषधांना न जुमानणारा रक्तस्राव, फार मोठ्या किंवा अनेक गाठी, अंग बाहेर येण्याचा तीव्र त्रास, प्रसूतीनंतर न थांबणारा रक्तस्राव अशा वेळी चालढकल करणे हाच अपराध ठरतो. शस्त्रक्रियेला घाबरून वर्षानुवर्षे रक्त घालवीत राहणे यात शहाणपण नाही, त्यागही नाही.

शस्त्रक्रिया करावयाची ठरली तरी दोन प्रश्न उरतात: काय काढणार आणि कोणत्या वाटेने काढणार. गर्भाशयमुखासह संपूर्ण गर्भाशय काढणे हा नेहमीचा प्रकार. काही वेळा गर्भाशयमुख राखले जाते. तसे असेल तर पॅप चाचणी पुढेही चालू ठेवावी लागते, ही गोष्ट पुष्कळ स्त्रियांना सांगितलीच जात नाही. कर्करोगात आजूबाजूच्या ऊतींसह मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. अलीकडे बीजांडकोष राखून केवळ बीजवाहक नलिका सोबत काढतात, कारण बीजांडकोषाच्या कर्करोगांतील अनेकांचा उगम त्या नलिकांत होतो असे आढळले आहे.

वाटा मुख्यतः तीन. पहिली पोटावर छेद घेऊन, दुसरी योनिमार्गाने, म्हणजे बोलीभाषेत ‘खालून’, आणि तिसरी दुर्बिणीने. अमेरिकेतील वॉल्टर बर्नहॅम या शल्यविशारदांनी १८५३ मध्ये पोटातून केलेल्या अशा शस्त्रक्रियेनंतर रुग्ण प्रथमच जगली. योनिमार्गाची वाट त्याहून जुनी. जर्मनीत लांगेनबेक यांनी १८१३ मध्ये ती चोखाळली होती. दुर्बिणीने गर्भाशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया हॅरी राइख यांनी १९८८ मध्ये केली. यंत्रमानवाच्या साहाय्याने होणाऱ्या स्त्रीरोग शस्त्रक्रियांना अमेरिकेत २००५ मध्ये मान्यता मिळाली. परंतु ती दुर्बिणीच्याच वाटेची महागडी आवृत्ती आहे आणि साध्या आजारात तिचा लाभ खर्चाच्या प्रमाणात वाढतोच असे नाही. साधा आजार असेल आणि शक्य असेल तर योनिमार्गाची वाट प्रथम विचारात घ्यावी, असे जाणकारांचे मत आहे. तिच्यात पोटावर टाका नसतो, घरी लवकर जाता येते आणि खर्चही आटोक्यात राहतो. गर्भाशय फार मोठे झालेले असेल किंवा आत चिकटलेपणा असेल तर दुर्बीण अथवा छेद यांचा विचार होतो. वाट कोणतीही असो, रक्तस्राव, जंतुसंसर्ग, मूत्राशय किंवा मूत्रवाहिनीला इजा आणि पायात रक्ताची गुठळी होणे हे धोके थोड्याफार प्रमाणात असतातच. जड वस्तू उचलणे साधारण सहा आठवडे वर्ज्य असते. जिथे सून चौथ्या दिवशी कणीक मळताना दिसावी अशी अपेक्षा असते, तिथे हे सहा आठवडे डॉक्टरांनी घरातील मोठ्यांना बोलावून सांगितलेले बरे.

जैन कुटुंबांना आणखी काही प्रश्न पडतात आणि ते विचारण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. पूर्वी टाक्यांसाठी जनावरांच्या आतड्यांपासून बनलेला कॅटगट नावाचा धागा सर्रास वापरत. आता विरघळणारे कृत्रिम धागे सर्वत्र मिळतात. संप्रेरकांच्या गोळ्यांचा एक जुना प्रकार गाभण घोड्यांच्या मूत्रापासून बनतो, तर वनस्पतिजन्य द्रव्यांपासून बनवलेले इस्ट्रॅडिऑलही उपलब्ध आहे. जिलेटिनच्या कॅप्सूलऐवजी पुष्कळदा गोळी मिळू शकते. रक्त गोठू नये म्हणून दिले जाणारे हेपॅरिन प्राणिजन्य असते. त्याला पर्याय चालेल का, हे डॉक्टरांनीच ठरवावे. हे सारे शस्त्रक्रियेच्या आधी, शांतपणे विचारावयाचे. शस्त्रक्रियागृहाच्या दारात वाद घालून उपचार अडवणे यात संयम नाही. चौविहार करणाऱ्यांनी रात्रीच्या औषधांच्या वेळाही आधीच डॉक्टरांशी बोलून ठरवाव्यात.

परंतु या सर्व प्रश्नांच्या मुळाशी एक प्रश्न आहे, आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. १९९५ मध्ये दिल्लीतील ४४ वर्षांची एक अविवाहित स्त्री अति रक्तस्रावाची तक्रार घेऊन डॉक्टरांकडे गेली. दुर्बिणीने तपासणी करण्यास तिने संमती दिली. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या तिच्या वृद्ध आईची संमती घेण्यात आली आणि तिचे गर्भाशय, बीजांडकोष व नलिका काढून टाकण्यात आल्या. १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की आईची ती संमती ग्राह्य नाही. रुग्ण सज्ञान आणि समर्थ आहे, जीवाला तात्काळ धोका नाही, तर ती शुद्धीवर येईपर्यंत थांबावयास हवे होते. तपासणीची संमती ही उपचाराची संमती नव्हे. डॉक्टरांनी हे सद्हेतूने केले, हेही न्यायालयाने लक्षात घेतले आणि म्हणून भरपाई २५,००० रुपयांपुरती ठेवली; शुल्क मात्र नाकारले. या निकालातील मर्म घराघरांत पोचावयास हवे. उपचार योग्य असू शकतो, हेतू चांगला असू शकतो, आप्तांचे प्रेम खरे असू शकते. तरीही सही तिचीच हवी. पतीची सही ही सोबत असू शकते, तिच्या सहीची जागा घेऊ शकत नाही.

हा प्रश्न सुस्थितीतल्या घरांपुरता नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याचे प्रमाण असाधारण असल्याचे २०१९ मध्ये उघड झाले आणि राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पाळीमुळे कामाचा खाडा आणि खाड्यापायी मजुरीची कपात, हे त्यामागचे एक कारण होते. ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने आखलेली मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत अमलात आणण्याचे निर्देश राज्यांना दिले. उसाच्या फडातली स्त्री आणि पेढीच्या माडीवरली स्त्री यांच्या परिस्थितीत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. एकीला मजुरी बुडण्याची भीती घालते, दुसरीला कर्करोगाची. दोघींच्या बाबतीत निर्णय दुसऱ्यांच्या सोयीने होतो, एवढे मात्र समान.

थोरल्या वहिनींना प्रथम शिरेवाटे लोह देण्यात आले. नमुना तपासला, तो निर्दोष निघाला. आठ महिने औषधे झाली. रक्त भरून आले, परंतु रक्तस्राव पुरता आवरला नाही आणि गाठही वाढली. तेव्हा शस्त्रक्रियेचा निर्णय त्यांनी स्वतः घेतला. पूर्वीच्या दोन सिझेरियनमुळे चिकटलेपणाची शक्यता होती, म्हणून दुर्बिणीची वाट निवडली गेली. गर्भाशय आणि नलिका काढल्या, बीजांडकोष राखले. तिसऱ्या दिवशी त्या घरी आल्या. तारीख त्यांनीच ठरवली होती, आणि ती हंगामाच्या ऐन मध्यावर होती. आडत त्यामुळे बंद पडली नाही. धाकट्या जाऊबाईंना तशीच तक्रार सुरू झाली तेव्हा त्यांनी ती दोन महिन्यांतच सांगितली. त्यांना संप्रेरकयुक्त साधन बसवण्यात आले आणि काही महिन्यांत त्यांचा रक्तस्राव आवाक्यात आला. एकाच छताखाली एकाच तक्रारीची दोन निराळी उत्तरे निघाली आणि दोन्ही योग्य होती, कारण दोन्ही वेळा प्रश्न त्या-त्या स्त्रीला विचारला गेला.

डॉक्टरांकडे जाताना काही प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. आजाराचे नाव काय? कर्करोग नाही हे कोणत्या तपासणीने ठरले? शस्त्रक्रियेवाचून कोणते उपाय आहेत आणि ते का चालणार नाहीत? नेमके काय काढणार, काय राखणार? कोणती वाट, आणि तीच का? आणखी सहा महिने थांबल्यास काय होईल? चांगले डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाहीत. ज्यांना राग येतो, तेथे दुसरे मत अवश्य घ्यावे. विम्याचीही आधी खात्री करावी, कारण अनेक पॉलिसींमध्ये या शस्त्रक्रियेसाठी दोन वर्षांचा प्रतीक्षाकाल असतो.

शस्त्रक्रिया झालेली असल्यास तिचा अहवाल आणि काढलेल्या भागाच्या तपासणीचा कागद जपून ठेवावा. कपाटात मुदत ठेवींच्या पावत्या पंचवीस वर्षे सुरक्षित राहतात. आईच्या देहातून काय काढले आणि काय राखले, हे सांगणारा कागद मात्र सहा महिन्यांत हरवतो. तो त्याच फाइलमध्ये ठेवावा आणि लेकीसुनांना दाखवावा. पुढे एखाद्या डॉक्टरांनी त्यांना ‘घरात कोणाला असा त्रास होता का?’ असे विचारले, तर उत्तर देण्याजोगी माहिती त्यांच्याजवळ असेल.